तळं लवकर भरलं तेव्हा

आमचं शेत सांगोला तालुक्यात. दोन एकर डाळिंब आणि फेब्रुवारीत तळ गाठणारी एक विहीर. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. पुढच्याच वर्षी आम्हीही तळं खोदून त्यात प्लास्टिकचा कागद टाकला. वरून 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल. मी वहीत सरळ गुणाकार मांडला: 2,700 घनमीटर. घनमीटरला हजार लिटर, म्हणजे 27 लाख लिटर. झाडं 600, झाडाला रोज सरासरी 40 लिटर, दिवसाला 24 हजार. 112 दिवसांची बेगमी झाली, पावसापर्यंत काळजी नाही, या भरवशावर आंबे बहार धरला.

जानेवारीत विहिरीवरून तळं भरायला घेतलं. मोटरीखाली 200 लिटरचं पिंप एका मिनिटात भरायचं. तासाला 12 हजार लिटर. वीज दिवसाला आठ तास. माझ्या हिशेबाने 28 दिवस लागायला हवे होते. एकविसाव्या दिवशीच पाणी काठाला लागलं. आई म्हणाली, "लक्ष्मीचा हात लागला बघ." आम्ही नारळ फोडला. आठवडाभराची वीज वाचली, एवढंच मनात आलं.

फेब्रुवारीच्या मध्यापासून बाग तळ्यावर आली. मार्च सरताना काठी बुडवली, दीड मीटर पाणी होतं. अर्धं तळं शिल्लक आहे, असं मी घरी सांगितलं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तळाचा कागद उघडा पडला. फळं लिंबाएवढी झाली होती. रोज दोन टँकर घेणं झेपणारं नव्हतं. एका एकरातली सगळी फळं आम्ही हातांनी तोडून टाकली, तेव्हा कुठे दुसरा एकर हाती लागला.

त्या आठवड्यात टेप घेऊन कोरड्या तळ्यात उतरलो. तळाची बाजू भरली 21 मीटर. कडांना दीडास एक ढाळ होता. दर मीटर खोलीला प्रत्येक बाजूने दीड मीटर आत. अशा तळ्याचं पाणी असं काढतात: वरचं क्षेत्रफळ 900, तळाचं 441, आणि मधल्या खोलीवर बाजू 25.5 मीटर म्हणून 650.25, त्याची चौपट 2,601. तिन्हींची बेरीज 3,942. तिला खोलीने गुणून सहाने भागायचं: 1,971 घनमीटर. म्हणजे 19 लाख 71 हजार लिटर. 12 हजारांनी भागलं तर 164 तास, बरोबर एकविसावा दिवस. मोटरीने जानेवारीतच खरा आकडा सांगितला होता.

दीड मीटर पाण्याचा हिशेबही मांडला. खाली तळं अरुंद होत जातं, म्हणून अर्ध्या खोलीवर उरतात फक्त 8 लाख 13 हजार लिटर. निम्म्याहून बरेच कमी. शिवाय उन्हाने रोज आठ मिलिमीटर उडालं, तर मधल्या पातळीवरूनच दिवसाला पाच हजार लिटर जातात. ते मी कुठेच धरले नव्हते.

आता तळ्यात खुणांची पट्टी उभी आहे आणि पंपाच्या खोलीत भिंतीवर तक्ता आहे: किती सेंटिमीटरला किती लिटर, आणि तेवढ्यात किती झाडं किती दिवस. बहार धरायचा की नाही, ते त्या तक्त्यावर ठरतं.

ज्यांच्याकडे शेततळं आहे त्यांना एवढंच सांगणं: तळं रिकामं असेल तेव्हा तळाची बाजू मोजून ठेवा, आणि भरताना मोटरीचे तास लिहून ठेवा. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय बहार धरू नका.