उभ्या गाडीची बॅटरी

आम्ही दोघा भावांनी पैसे जमवून जुनी गाडी घेतली. घेतली खरी, पण रोजचे पेट्रोल परवडते कुणाला? लग्नकार्य आणि आईचा दवाखाना, एवढ्यापुरतीच ती निघायची. एरवी वस्तीच्या तोंडाशी ताडपत्रीखाली उभी.

एका पावसाळी रात्री दोन वाजता आईला दम लागला. आम्ही किल्ली फिरवली, तर नुसती टकटक. शेजारची पोरे धावून आली. ढकलत ढकलत दुसऱ्या गिअरात गाडी कशीबशी सुरू झाली. आई सावरली, पण ती दहा मिनिटे आम्ही विसरलेलो नाही.

बॅटरीवाल्याने मीटर लावून दाखविले. भरलेल्या बॅटरीत साधारण १२.६ व्होल्ट हवेत, आमची १२ च्याही खाली! गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म थोडाथोडा करंट खातात. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली, तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते. मग ती पुरती भरतच नाही. आम्ही दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू ठेवतो, हे ऐकून तो हसलाच. गाडी सुरू करताना गेलेला करंटसुद्धा तेवढ्यात भरून निघेल याचा भरवसा नाही.

आता रविवारी अर्धा तास गाडी हमरस्त्याने फिरवतो. गावी जायचे झाले, तर निगेटिव्हची काळी वायर सोडून जातो. आधी लाल सोडताना पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते.

पेट्रोल जळते म्हणून धाकटा कुरकुरतो. आई मात्र शनिवारीच लुगडे काढून ठेवते.