वेड्या बाभळीनंतर

आमच्या लहानपणी खाण म्हणजे धाक. दुपारी सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी किणकिणायची आणि आई कणीक मळता मळता म्हणायची, "गेला आणखी एक तुकडा डोंगराचा." दगड संपला की खाणीत पाणी साचायचं. पाण्यात एखाद्या उन्हाळ्यात कुणाचं तरी पोर बुडायचं, मग लोक कचऱ्यानं ती भरून काढायचे. खाणीचं आयुष्य एवढंच, अशी माझी पक्की समजूत होती.

त्यामुळे गुरुग्रामला भाची म्हणाली, "मावशी, उद्या सकाळी खाणीत फिरायला जाऊ," तेव्हा मी विचारलं, "तुमच्याकडचे मॉल संपले का?"

"चप्पल नको, बूट घाल," एवढंच उत्तर मिळालं.

गुरू द्रोणाचार्य मेट्रो स्थानकापासून जवळच, दिल्लीच्या हद्दीला टेकून, नाथूपूरच्या जमिनीवर अरवली जैवविविधता उद्यान आहे. साधारण १५० हेक्टर. इथे दगड फोडायचे, क्रशरवर त्याची खडी करायचे. दगड क्वार्ट्झाइटचा, शंभर कोटींहून अधिक वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा साडेसहा कोटींचा काळा पाषाण त्याच्यापुढे पणतू शोभेल. इतका म्हातारा डोंगर माणसांनी काही दशकांत टोपल्यांनी, मग ट्रकांनी उपसला. काम थांबलं तेव्हा मागे खड्डे होते आणि विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ. तिला कुणी लावावं लागत नाही आणि कितीही तोडली तरी ती जात नाही.

५ जून २०१० रोजी उद्यान सुरू झालं. 'आय ॲम गुडगाव' ही नागरिकांची संस्था आणि विजय धस्माना हे पर्यावरण-पुनरुज्जीवनाचं काम करणारे गृहस्थ यांच्यापुढचा पहिला प्रश्न साधा होता. इथे मुळात काय उगवत होतं? ती झाडं कुठल्या रोपवाटिकेत विकत मिळत नव्हती. गुलमोहर हवे तेवढे, अरवलीचं झाड एक नाही. तेव्हा उरल्यासुरल्या रानांतून बी वेचून आणायचं आणि रोपं घरचीच करायची, असं ठरलं. पावसाळ्यात कचेऱ्यांतली माणसं लावणीला यायची. त्यातल्या फोटोपुरत्या आलेल्यांनीही खड्डे खणले असतील, तर माझी तक्रार नाही.

आम्ही गेलो तेव्हा फाल्गुन होता. खाणीच्या काठावर पळस पेटलेला. इथे त्याला ढाक म्हणतात, पण लाल रंगाला भाषांतर लागत नाही. पुढे सालई, आणि एका कपारीत पांढराफटक, निष्पर्ण कांडोळ उभा. सातपुड्यात संध्याकाळी दिसला की भूत वाटावं असा. परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तशी मी त्याच्या खोडावरून हात फिरवला. भाची हसली. हसू दे.

माझं मन मात्र धौमध्ये गुंतलं. हा आपल्या धावड्याचा सख्खा चुलत. दिसायला काहीच नाही. त्या दिवसांत तर नुसत्या करड्या काड्या. पण शेळ्या खात राहिल्या तर हा जमिनीसरसा चटईसारखा पसरतो, वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि शेळीचं तोंड पोचत नाही एवढी एखादी फांदी निसटली की तीच धरून सरळ वर जातो. बी म्हणाल तर बहुतेक पोकळ. मूठभर पेरावं तेव्हा एखादं रुजतं. अशा हट्टी झाडाचा नाद माणसांनी धरला, हे मला सगळ्यात आवडलं.

धौचं भरगच्च रान अजून शिल्लक आहे ते फरिदाबादकडच्या मांगर बनीत. ती गुदडियाबाबाची. तिथली फांदी तोडली तर बाबा सोडत नाही, अशी आसपासच्या गुजर गावांची श्रद्धा. म्हणजे आपली देवराईच. अरवलीचं रान खरं कसं असतं, हे बघायला उद्यानाच्या मंडळींना तिथेच जावं लागलं. खाणीचा खड्डा भरायचा तर शेजारी कुणीतरी भीतीनं का होईना, एक तुकडा राखलेला असावा लागतो. तो नसता तर धौ कुठे, कुणाशेजारी उगवतो हे कुणाला विचारणार होते?

आता इथे १७५ हून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. मधे उद्यानातून सहापदरी रस्ता न्यायचा घाट घातला गेला; लोक रस्त्यावर उतरले. २ फेब्रुवारी २०२२ रोजी देशातली पहिली 'ओईसीएम' जागा म्हणून याची घोषणा झाली. अभयारण्य नसूनही निसर्ग राखणारी जागा, असा त्या अडनिड्या नावाचा अर्थ. आपल्या देवरायांनी हे काम असल्या नावावाचून कितीतरी वर्षं केलं.

पाऊस लागायच्या आधी तुमच्या गावच्या देवराईत एकदा जाऊन या. खाली पडलेलं बी उचलावंसं वाटलं तर आधी गुरवाला विचारा. नाही म्हणाला, तर तसेच परत या.