घटांची परीक्षा

मराठी घरांत विजेच्या घटाइतकी नांवाच्या बाबतींत उपेक्षित वस्तु दुसरी नसेल. अंधारांत उजेड पाडणाऱ्या नळीला आपण बॅटरी म्हणतों, आणि तिच्या पोटांत जी खरी बॅटरी असते तिची 'सेल' म्हणून बोळवण करतों. शास्त्रीय ग्रंथांतून मात्र त्याला 'घट' असें नांव आहे, आणि तें मला फार समर्पक वाटतें. घट म्हणजे मडकें. कुंभाराकडून मडकें घेतांना आपल्या आज्या चार गोष्टी पाहत असत : त्यांत मावतें किती, तें गळतें कीं काय, त्यांतून पाणी चटकन् ओततां येतें कीं नाहीं, आणि तें टिकेल किती दिवस. पुन्हां पुन्हां भरतां येणाऱ्या विजेच्या घटाची परीक्षाही ह्याच चार प्रश्नांनीं करावी, असें माझें मत आहे. आणि ही परीक्षा म्हणजे केवळ रिकामपणचा उद्योग नव्हे, हें पुढें ध्यानांत येईल.

भरतां येणारा घट कांहीं आजचा नव्हे. फ्रान्समध्यें गॅस्तों प्लाँते ह्यानें १८५९ सालीं शिशाचा संचायक बनविला. वीज गेल्यावर आपल्या दिवाणखान्यांतील पंखा फिरता ठेवणारी जड पेटी आजही बहुधा त्याच कुळांतील असते. स्वीडनमध्यें वाल्देमार युंग्नर ह्यानें १८९९ सालीं निकेल व कॅडमियम ह्यांचा घट सिद्ध केला, आणि पुढें बोटाएवढे भरतां येणारे सेल घरोघर आले ते त्याच घराण्यांतून. परंतु कॅडमियम विषारी आहे. म्हणून १९९० च्या सुमारास बाजारांत आलेल्या निकेल-मेटल हायड्राइड जातीनें हळूहळू त्याची जागा घेतली. आज दुकानदार 'रिचार्जेबल सेल' म्हणून जो पुढें करतो तो बहुतेक ह्याच जातीचा.

आतां पहिला प्रश्न, मावण्याचा. ह्याचें उत्तर सेलाच्या अंगावरच छापलेलें असतें, आणि म्हणूनच गिऱ्हाईक बहुधा तेथेंच थांबतें. ज्याला आपण पेन्सिल सेल म्हणतों त्या 'डबल ए' मापाच्या सेलावर २००० पासून सुमारें २६०० पर्यंत मिलिअँपिअर-तासांचे आकडे दिसतात. २००० मिलिअँपिअर-तास म्हणजे २०० मिलिअँपिअरचा प्रवाह सुमारें दहा तास. ह्याच जातीच्या, ह्याच मापाच्या सेलावर चार-पांच हजारांचा आकडा दिसला, तर तें विकणाऱ्याच्या उत्साहाचें माप समजावें, विजेचें नव्हे.

दुसरा प्रश्न गळण्याचा. आणि माझ्या मतें सर्व परीक्षेचें मर्म येथें आहे. विजेचा घट कपाटांत स्वस्थ पडून असला तरी आंतल्या आंत रिता होत असतो. जुन्या पद्धतीचे हायड्राइड सेल ह्या बाबतींत फारच उधळे. भरून ठेवल्यावर पहिल्या चोवीस तासांतच त्यांतील वीज लक्षांत येण्याइतकी कमी होई, आणि दोन-तीन महिन्यांनीं ते काढावे तों जवळजवळ कोरडे. पुढें २००५ सालीं जपानच्या सान्यो कंपनीनें 'एनेलूप' नांवाचा सेल आणला. त्यांत मावत असे थोडें कमी, परंतु वर्षभर पडून राहिल्यावरही बहुतांश वीज शिल्लक राही. आज ह्या कमी गळणाऱ्या जातीचे सेल अनेक कंपन्या करतात. २६०० चा उधळा आणि २००० चा जपून राहणारा, असे दोन घट समोर ठेवले तर कागदावर पहिला श्रेष्ठ. पण चार महिन्यांनीं वेष्टणावरची जाहिरात वाचण्याऐवजीं सेलच वापरून पाहिले, तर निकाल उलटा लागतो.

तिसरा प्रश्न ओतण्याचा. साधा अल्कलाइन सेल दीड व्होल्टनें आरंभ करतो आणि झिजत झिजत खालीं येतो. हायड्राइड सेल आरंभानंतर लौकरच सव्वा व्होल्टच्या आसपास येतो आणि बहुतेक शेवटपर्यंत तेथेंच टिकून राहतो. म्हणूनच काठोकाठ भरलेला हायड्राइड सेल घातला तरी कांहीं यंत्रांवरील निशाणी तो अर्धाच भरला आहे असें दाखविते. दोष सेलाचा नसतो. निशाणी अल्कलाइनच्या हिशेबानें बसविलेली असते, इतकेंच. उलट, एकदम पुष्कळ वीज ओढणारें यंत्र असलें कीं हायड्राइडचा गुण दिसतो. कॅमेऱ्याचा लखलखाट किंवा मोटारीचें खेळणें ह्यांच्यापुढें अल्कलाइन सेल लौकर हात टेकतो. एक अँपिअरच्या ओढीखालीं त्याच्याकडून त्याच्या एरवींच्या निम्म्याहूनही कमी काम होतें. हायड्राइडचें तोंड रुंद. तो आपलें बहुतेक सर्व देऊन मोकळा होतो.

चौथा प्रश्न आयुष्याचा. हे सेल कांहीं शें वेळां, आणि कांहीं जाती हजाराहून अधिक वेळां भरतां येतात, असें बनविणारे सांगतात. सामान्यतः ज्यांत अधिक मावतें ते कमी वेळां भरतां येतात, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. हिशेबी माणसानें येथें एक गणित करावें. भिंतीवरच्या घड्याळाला एक सेल वर्षभर सहज पुरतो. हजार वेळां भरतां येणारा सेल त्या घड्याळांत घातला, तर त्याचें पुरतें मोल वसूल व्हावयास हजार वर्षें लागतील! घड्याळाला आणि रिमोटला साधा सेल पुरे. जेथें वरचेवर सेल संपतात, तेथेंच भरतां येणाऱ्याची किंमत वसूल होते.

अलीकडे एक नवा पाहुणा आला आहे : लिथियमचा, मोबाइलच्या तारेनें भरतां येणारा सेल. त्याच्या पोटांत मूळचा सुमारें पावणेचार व्होल्टचा घट असतो, आणि एक चिमुकलें मंडल त्याचा दाब दीड व्होल्टवर आणून ठेवतें. त्यावर पुष्कळदां मिलिवॅट-तास छापलेले असतात, आणि तो आकडा हायड्राइडच्या मिलिअँपिअर-तासांशीं ताडून कित्येकजण भुलतात. हायड्राइडच्या आकड्याला १.२ नें गुणावें, म्हणजे तुलना सरळ होते; २००० चे २४०० होतात. ह्या पाहुण्याचा दाब शेवटपर्यंत बहुधा ढळत नाहीं हा गुण. आणि ह्याच कारणानें तो पूर्वसूचना न देतां एकाएकीं थांबतो, हा दोष.

हें सर्व मीं इतक्या चिकाटीनें पाहिलें ह्याला एक कारण आहे. आमच्या मातोश्रींचा रक्तदाब रोज दोन वेळां मोजावा लागतो, आणि वहींतील आकडे पाहून डॉक्टर औषधाचें प्रमाण ठरवितात. कधीं रात्रीं त्यांना घेरी आल्यासारखें होतें. मग तें यंत्र त्याच क्षणीं चाललें पाहिजे. त्यांत चार पेन्सिल सेल लागतात. नुसता आकड्यांचा पडदा उजळण्यास वीज थोडी लागते. परंतु दंडावरचा पट्टा फुगविणारा पंप सुरू झाला कीं ओढ एकदम वाढते, आणि दमलेले सेल नेमके तेथेंच मान टाकतात. पडदा उजळला म्हणजे यंत्र सज्ज आहे, असें समजण्यांत अर्थ नाहीं.

मातोश्रींना व्होल्टशीं कांहीं कर्तव्य नाहीं. त्या एवढेंच विचारतात, "अरे, हे भरलेले आहेत ना? कीं नुसते दिसावयाला?" मीं एकदां त्यांना छापील आकडे सांगूं लागतांच सौभाग्यवती म्हणाली, "अहो, आकडा कितीही मोठा असूं द्या. कधीं भरला हें ज्यावर लिहिलेलें नाहीं, तो सेल माझ्या लेखीं रिकामाच." चार प्रश्नांच्या माझ्या शास्त्रांत ह्या पांचव्या प्रश्नाला जागा नव्हती; आणि घरांत चालावयाचें असेल तर तोच पहिला होय.

तेव्हांपासून आमच्या घरीं अशी व्यवस्था आहे. यंत्रासोबतच्या पुस्तिकेंत भरतां येणारे सेल वर्ज्य केलेले नाहींत, हें आधीं पाहिलें. जेथें तसें वर्ज्य असेल तेथें अल्कलाइनच वापरावे. यंत्रासाठीं कमी गळणाऱ्या जातीच्या चार-चार सेलांचे दोन संच घेतले, आणि प्रत्येक संच एकत्रच भरावयाचा व एकत्रच वापरावयाचा असा नियम केला. कारण चौघांत एक दुबळा असला तर उरलेले तिघे त्याला फरफटत नेतात आणि तो कायमचा बिघडतो. डबीवरच्या चिठ्ठींत भरल्याची तारीख असते. घड्याळांत साधे सेल, मुलांच्या खेळण्यांत जुने हायड्राइड. मेलेल्या सेलांसाठीं दाराजवळ एक बरणी आहे. २०२२ च्या नियमांनीं ते परत गोळा करण्याची जबाबदारी बनविणाऱ्यांवर टाकली आहे, तेव्हां बरणी भरली कीं ती जमा करून घेणाऱ्यांकडे पोंचवावयाची, कचऱ्यांत टाकावयाची नाहीं.

शेजारचे एक गृहस्थ हें सारें पाहून हंसतात. त्यांना मी एवढेंच सांगतों, कीं घट केवढा आहे हें विकत घेतांना कळतें. त्यांत उरलें किती, हें मात्र मध्यरात्रीं कोणी हांक मारल्यावर कळतें. आमच्या मातोश्रींच्या उशालगतच्या डबींत, तारीख लिहिलेले चार सेल त्या हांकेसाठीं तयार असतात.