घडीची बाबागाडी

लेकुरवाळ्या स्त्रीचा रेल्वेप्रवास आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. कडेवर मूल, खांद्याला दूधबाटलीची आणि लंगोटांची पिशवी, पायाशी ट्रंक किंवा बॅग अशा थाटात ती फलाटावर उभी असते. गाडी आली की कोणी अनोळखी प्रवासी "द्या बाळाला इकडे" म्हणून हात पुढे करतो, आणि क्षणभर विचारात पडून ती बाळाला देते. पूर्वी तिच्या सोबतीला दीर, भाऊ, निदान गावचा कोणी माणूस असे. आता नोकरीधंद्यामुळे कुटुंबे दिल्ली, बंगळूर, हैदराबाद, कोलकाता अशी पांगली आहेत. माहेर हजार मैलांवर गेले आणि सोबत मात्र मिळेनाशी झाली. म्हणून मिटवून बरोबर नेता येणारी बाबागाडी ही निव्वळ चैन आहे, असे म्हणणे मला पटत नाही.

परंतु वाचकहो, ती कोणती घ्यावी हा प्रश्न दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर सुटत नाही. तो सुटतो स्टेशनच्या जिन्यापाशी. बाबागाडी बाळाला वाहते हे खरे. पण प्रवासात पुष्कळ वेळा बाबागाडीलाच कोणीतरी वाहावे लागते. तेव्हा ती बाळाला किती मऊ लागते याबरोबरच, ज्या हाताला ती उचलायची आहे त्या हाताला ती किती जड लागते, हेही आपण पाहिले पाहिजे.

हा विचार माझ्या मनात आला त्याला एक निमित्त घडले. गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी दिल्लीला माझ्या लेकीकडे होते. माझी आई साताऱ्यास भावाकडे असे. तिने अंथरूण धरल्याचे कळले, आणि पणतू पाहण्याची तिची इच्छाही भावाने फोनवर कळवली. मी लगोलग निघणार होते. बाळाची नवव्या महिन्यातील गोवर-रुबेलाची लस व्हायची होती. ती झाल्यावर आठ-दहा दिवसांनी लेकीने मागून यावे असे ठरले. जावयांना रजा नव्हती. म्हणजे दिल्लीपासून साताऱ्यापर्यंत, एका दिवसाहून अधिक वेळचा प्रवास, तिला बाळासह एकटीने करावयाचा होता. शस्त्रक्रियेने झालेल्या बाळंतपणापासून तिची कंबर पुरती सावरली नव्हती. मी निघण्यापूर्वी आम्ही दोघी करोल बागेत बाबागाडी पाहावयास गेलो, ती या पार्श्वभूमीवर.

दुकानदाराने प्रथम जी गाडी पुढे केली, तिने कोणाचेही मन मोहावे. मोठी चाके, जाड गादी, खाली प्रशस्त जाळी, दुधाची बाटली ठेवण्यास वेगळी जागा! तिचे वजन अकरा किलो होते. लेकीने ती एका हाताने मिटवून पाहिली. मिटेना, दोन्ही हात लागले, शिवाय पायाने कळ दाबावी लागली. मग बाळाला कोणी धरावयाचे? दुसरी गाडी छत्रीसारखी मिटणारी, वजनाने फारच थोडी. परंतु तिची पाठ मागे कलत नव्हती, आणि मिटल्यावर ती काठीसारखी लांबलचक होत होती. तिसरी तीन घड्यांची, सहा किलोंची, मिटल्यावर खांद्याला अडकवण्याजोगी. लेकीने बाळाला कडेवर घेतले, गाडी एका हाताने मिटवली, खांद्याला लावली आणि दुकानाचा जिना दोनदा चढून उतरली. दुकानदार हसला, पण आमची परीक्षा झाली होती.

हिशेब साधा होता. बाळ साडेआठ किलोंचे, पिशवी चार किलोंची. त्यात अकरा किलोंची गाडी मिळवली की साडेतेवीस किलो होतात; सहा किलोंची मिळवली की साडेअठरा. हे पाच किलोंचे अंतर दुकानात नगण्य वाटते. पुलाच्या चाळिसाव्या पायरीवर ते नगण्य राहत नाही.

बाळाच्या गाडीचा इतिहासही हेच सांगतो. १७३३ च्या सुमारास विल्यम केंट याने इंग्लंडातील एका ड्यूकच्या मुलांसाठी जी गाडी केली, ती बकरा किंवा लहान घोडा ओढीत असे, असे सांगतात. ती शोभेची वस्तू होती. उचलण्याचा प्रश्नच नव्हता. त्या देशातील पुढच्या बाबागाड्याही भारदस्तच राहिल्या. हे चित्र पालटले ओवेन मॅक्लॅरेन या इंग्रज अभियंत्याने. स्पिटफायर या लढाऊ विमानाची चाके उड्डाणानंतर पंखात मिटून जात. त्या रचनेच्या कामाशी त्याचा संबंध आलेला होता. लेक नातवंडाला घेऊन परदेशातून आली तेव्हा अवजड बाबागाडीपायी होणारी तिची ओढाताण त्याने पाहिली, आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी त्याने रचली. १९६५ मध्ये त्याने तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. १९६७ मध्ये ती विक्रीस आली. वजन सुमारे सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोंच्या आसपास! तेवढ्याच आकारमानाच्या पोलादाच्या मानाने ॲल्युमिनियम सुमारे एक-तृतीयांश वजनाचे असते, यात त्या हलकेपणाचे मर्म आहे. त्या आजोबाने नातवंडाइतकाच लेकीच्या हातांचाही विचार केला, हे मला विशेष वाटते.

तथापि हलकेपणाचीही किंमत द्यावी लागते, आणि ती आपण आधीच जाणून घ्यावी. हलक्या गाडीची चाके लहान असतात. आपल्या त्रिज्येहून उंच अडथळ्यावर चाक नुसते ढकलून चढत नाही. पंधरा सेंटिमीटर व्यासाचे चाक साडेसात सेंटिमीटरच्या कठड्यापुढे हटूनच बसते, आणि त्याहून लहान खड्ड्यातही अडखळते. अशा ठिकाणी गाडी उलटी फिरवून, मागची चाके आधी वर घेऊन ओढावी. ज्यांचा रोजचा रस्ताच खडबडीत आहे आणि प्रवास क्वचित घडतो, त्यांनी मोठ्या चाकांची गाडी घ्यावी हेच बरे.

दुसरी गोष्ट वयाची. जे मूल अद्याप आधाराशिवाय बसत नाही, त्याला उभ्या पाठीच्या गाडीत बसवू नये. साधारणतः सहा महिन्यांपर्यंत पाठ पूर्ण आडवी होणारी गाडीच हवी. मूल बसू लागल्यावरही प्रवासात ते झोपणारच. म्हणून पाठ कलणारी असावी. खांदे, कंबर आणि दोन पायांमधून येणारा पाच पट्ट्यांचा बंद असावा, आणि तो दर वेळी लावावा. गाडी उघडी राहावी म्हणून असलेला अडसर एकच नसावा. तो सुटला तर दुसऱ्याने धरावे. बिजागऱ्या झाकलेल्या आहेत ना, हेही पाहावे. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे दहा लाख घडीच्या गाड्यांसाठी बिजागऱ्यांची आवरणे द्यावी लागली, कारण उघडताना त्यांत बोटे सापडून मुलांना गंभीर इजा झाल्या होत्या. गाडी उघडताना-मिटताना बाळ हातभर दूर असावे, हा नियम घरातील सर्वांना सांगून ठेवावा.

वापरताना घ्यावयाची काळजीही थोडी आहे. दांड्याला जड पिशवी अडकवू नये. बाळाला उचलताच गाडी मागे कलंडते, आणि कधी बाळासकट कलंडते. फलाटावर गाडी रुळांना समांतर उभी करावी, अडसर लावावा, आणि तरीही एक हात तिच्यावर ठेवावा. सरकत्या जिन्यावर बाळ बसलेले असताना गाडी नेऊ नये. लिफ्ट असेल तर तिचाच उपयोग करावा. उन्हात गाडीवर दुपटे पांघरू नये. सावली मिळते खरी, पण आतली हवा कोंडून तापते. विमानाने जावयाचे असल्यास मिटलेल्या गाडीची लांबी-रुंदी-उंची मोजून कंपनीस आधी विचारावे. काही गाड्या आत नेऊ देतात, काही विमानाच्या दारापाशी घेतात, आणि नियम सर्वांचे सारखे नसतात.

लेक ठरल्याप्रमाणे निघाली. हजरत निजामुद्दीनला जावयांनी तिला गोवा एक्सप्रेसमध्ये बसवून दिले. बाळ दिवसभर बाकावर खेळले; बाबागाडी बाकाखाली पडून होती. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर साताऱ्यास ती उतरली तेव्हा भाचा फलाटावर होता; परंतु त्याचा डबा चुकला होता, आणि तो धावत येईपर्यंत लेक बाळ छातीशी, गाडी खांद्याला, पिशवी हाती अशी खाली उतरलेली होती. कोणाला हाक मारावी लागली नाही.

आईच्या हातांत तोवर बाळ घेण्याचे बळ उरले नव्हते. लेकीने बाबागाडी पलंगाला लावून उभी केली. गाडीची बैठक आणि पलंग यांची उंची जवळजवळ सारखी होती. आईने कुशीवर वळून बाळाचे पाऊल मुठीत धरले. पुढचे दोन आठवडे रोज सकाळी बाळाची जागा तीच असे. आई त्या पावसाळ्यापलीकडे राहिली नाही. पण तिने पणतू पाहिला, रोज पाहिला, आणि नातीला त्यासाठी कोणाच्या रजेची वाट पाहावी लागली नाही.

म्हणून वाचकहो, आपण अशी खरेदी करावयास जाल, तेव्हा दुकानात ज्येष्ठांनी किंवा पुरुषमंडळींनीच गाडी ढकलून पसंत करू नये. जिला किंवा ज्याला ती एकट्याने वाहावी लागणार, त्या व्यक्तीच्या कडेवर बाळ द्यावे, गाडी तिच्या हाती द्यावी आणि एक जिना चढावयास सांगावे. किंमत, रंग, गादी यांची चर्चा त्यानंतर करावी. बाळाला गाडी नसली तरी आईची कड असतेच. त्या कडेला थोडा विसावा मिळावा आणि तिची वाट अडू नये, एवढ्यासाठीच ही वस्तू घ्यावयाची आहे.