कशाच्या तुलनेत?

आयोवाचे सिनेटर टॉम हार्किन यांची ठाम समजूत होती की मधमाश्यांनी गोळा केलेले परागकण खाल्ल्याने त्यांची ॲलर्जी गेली. 1991 साली त्यांच्या पुढाकाराने अमेरिकेच्या संसदेने पर्यायी उपचारांच्या अभ्यासासाठी 20 लाख डॉलर मंजूर केले, आणि राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, एक छोटं कार्यालय उघडलं. 1998 मध्ये त्या कार्यालयाचं केंद्र झालं, 2014 मध्ये केंद्राचं नाव बदललं, आणि आज त्याचं वर्षाचं अंदाजपत्रक 17 कोटी डॉलरच्या आसपास आहे. योग, ध्यान, ताई ची, संगीत यांच्या रुग्णांवरच्या चाचण्यांसाठी अनुदान देणारी ही जगातली एक मोठी तिजोरी. एनआयएचच्या एकूण खर्चात मात्र ती अर्धा टक्कासुद्धा नाही.

2009 मध्ये हार्किन यांनी सिनेटच्या सुनावणीत जाहीर नाराजी व्यक्त केली. हे केंद्र उपचार सिद्ध करण्याऐवजी खोडून काढण्यातच जास्त वेळ घालवतं, असा त्यांचा सूर होता. पैसा देणाऱ्याला 'हो' ऐकायचं होतं. चाचणी लावली की 'नाही'ही ऐकावं लागतं, हे त्याला कोणी आधी सांगितलं नव्हतं बहुतेक.

*

गोळीची चाचणी सोपी, असं म्हणवत नाही, पण तिथे एक सोय असते: तशाच रंगाची, तशाच आकाराची साखरेची गोळी करता येते. रुग्णाला कळत नाही, डॉक्टरला कळत नाही. खोटं गाणं कसं गाऊन घेणार? खोटं शवासन कसं घालणार? आपण योग करतोय की नाही हे माणसाला कळतंच. म्हणून अशा चाचणीच्या प्रस्तावात माझी नजर आधी दुसऱ्या गटाकडे जाते. यांना योग, मग त्यांना काय? 'त्यांना नेहमीचे उपचार' असं उत्तर असेल, तर पैसे वाचले आणि निकालही जवळपास आधीच ठरला. आठवड्यातून एकदा चार लोकांत जाऊन बसणं, कोणीतरी आपुलकीने चौकशी करणं, घराबाहेर पडणं, याचा गुण योगाच्या खात्यावर जमा होणार.

*

2011 मधली सिॲटलकडची चाचणी या बाबतीत मला फार आवडते. पाठदुखीचे 228 रुग्ण. काहींना योगवर्ग, काहींना स्नायू ताणण्याच्या व्यायामाचा वर्ग, उरलेल्यांच्या हाती स्वतःची काळजी कशी घ्यावी याचं पुस्तक. पुस्तकापेक्षा योग सरस ठरला. ताणण्याच्या व्यायामापेक्षा मात्र नाही. बातमी दोन्ही प्रकारे लिहिता आली असती, आणि 'योगाने पाठदुखी पळते' हा मथळा जास्त खपला असता. पण हा दुसरा वर्ग ठेवायला शिक्षक लागतो, जागा लागते, आठवडे लागतात. अनुदानातला तो पैसा म्हणजे संशोधकाने स्वतःच्याच लाडक्या उपचाराविरुद्ध केलेला वकील. असा वकील करायची हिंमत थोड्यांनाच असते.

बोस्टनमध्ये पुढे 320 जणांवर, बहुतेक कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतल्या, योग आणि फिजिओथेरपी यांची तुलना झाली (2017). योग फिजिओथेरपीपेक्षा कमी पडला नाही. 'जास्त चांगला' नाही, 'कमी नाही'. ज्या माणसाला फिजिओथेरपिस्टकडे जाणं परवडत नाही, त्याला हे उत्तर पुष्कळ उपयोगाचं आहे.

*

आता कलेकडे. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी चित्रकलेवर आधारित उपचाराची मोठी चाचणी झाली. नाव मॅटिस, पैसा सरकारी आरोग्य संशोधन निधीचा, निकाल 2012 मध्ये आला. 417 जण, तीन गट: चित्रकला उपचार, साधे मनोरंजनाचे गट, आणि नेहमीचे उपचार. दोन वर्षांनी पाहिलं तर तिघांत फरक नाही. उपचारकांना हे लागलं, आणि वाद झाला.

मला त्या निकालापेक्षा हजेरीचा आकडा जास्त बोलका वाटतो. ज्यांच्या वाट्याला चित्रकला आली, त्यांतले 61 टक्के एकदा तरी आले. म्हणजे शंभरातल्या 39 जणांनी ब्रश हातातच घेतला नाही. मनोरंजनाच्या गटात तर 52 टक्केच एकदा तरी फिरकले. कला गुणकारी नाही असं यातून ठरलं की सकाळी उठून, कपडे बदलून, बस पकडून अनोळखी खोलीत जाणं हेच त्या आजारात सगळ्यात अवघड असतं, हे ठरलं? अहवाल दोन्ही शक्यता ठेवतो. ठेवायलाच हव्यात.

*

उलट लंडनमधली बाळंतिणींची चाचणी. बाळंतपणानंतरचं नैराश्य असलेल्या 134 आया. एक गट बाळांना घेऊन दहा आठवडे एकत्र गायला, दुसरा बाळांबरोबर खेळाच्या कार्यक्रमात बसला, तिसऱ्याला नेहमीची देखभाल. मध्यम ते तीव्र लक्षणं असलेल्या आया गाण्याच्या गटात लवकर सावरू लागल्या. शेवटापर्यंत बाकीच्याही बऱ्याच सावरल्या; फरक वेगात होता. बाळंतिणीच्या बाबतीत एक महिना आधी बरं वाटणं ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारशाला बायका पाळणा म्हणतात, त्याचा औषधाशी संबंध कोणी जोडला नव्हता. जोडायची घाईही नको.

*

एनआयएचच्या त्या केंद्रात मोठ्या अनुदानाची आता एक पद्धत आहे: दोन टप्पे. पहिल्यात फक्त पाहायचं की लोक येतात का, टिकतात का, शिक्षक ठरल्याप्रमाणे शिकवतो का. आधी लिहून दिलेली उद्दिष्टं गाठली, तर दुसऱ्या टप्प्याचे पैसे. नाहीतर राम राम. शिवाय हे केंद्र बजावून सांगतं की छोट्या चाचणीवरून गुण किती येतो याचा अंदाज बांधू नका, वीस माणसांत काहीही दिसू शकतं. संशोधकांना हे जाचक वाटतं. मला वाटतं, मॅटिसच्या आधी असं केलं असतं, तर हजेरीची गोष्ट स्वस्तात कळली असती.

याच कसोटीला भजनी मंडळ लावलं तर? किती मिनिटं गायचं, कोणते अभंग, पखवाज हवा की नको, बुवा बदलले तर मात्रा बदलली का, सगळं लिहून द्यावं लागेल. आणि दुसऱ्या गटाला काय? नुसता चहा? बुवांना हा फॉर्म दाखवावा असं फार मनात आहे.

*

स्वामी कुवलयानंदांनी (जगन्नाथ गणेश गुणे) 1924 मध्ये लोणावळ्यात योगाच्या अभ्यासासाठी कैवल्यधाम काढलं. त्याच काळात ते उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात काय घडतं ते क्ष-किरणांनी पाहत होते, दाब मोजत होते. ते काम धाडसाचं. त्यांचा प्रश्न होता: शरीरात काय होतं? 'दुसऱ्या कशाने तेवढंच झालं असतं का' हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारायला पुष्कळ माणसं व पुष्कळ पैसा लागतो.

*

तो भारतात विचारला गेला. योगा-केअर: हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले 3,959 रुग्ण, 24 रुग्णालयं, पैसा आयसीएमआर आणि ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा. बारा आठवड्यांत तेरा सत्रं, दुसऱ्या गटाला नेहमीच्या काळजीत थोडी भर घातलेला सल्ला. निकाल 2020 मध्ये आला. रोजचं जगणं योगगटात अधिक सुधारलं. पण पुन्हा झटका, मृत्यू वगैरे घटनांत सांगण्यासारखा फरक सिद्ध झाला नाही. अपेक्षेपेक्षा घटनाच कमी घडल्या.

मग एक आकडा पुढे आला: दहा किंवा अधिक सत्रांना आलेल्यांत अशा घटना बऱ्याच कमी. व्याख्यानांतून हाच आकडा पुढे फिरेल. पण दहा वेळा येऊ शकणारा माणूस आधीच थोडा धडधाकट असतो, त्याच्या घरी सोडायला-आणायला कोणी असतं, त्याची रजा कापली जात नाही. तो योगाने वाचला की आधीच वाचण्यासारखा होता, हे हा आकडा सांगू शकत नाही. मी परीक्षक असतो, तर पुढच्या प्रस्तावात ज्याने रुग्णांच्या प्रवासभत्त्याची ओळ मोठी ठेवली असेल, त्याला दोन गुण जास्त दिले असते.