काशीत विचारतात, ‘गाव कोणतं?’

गोदौलियाच्या चौकात रिक्षातून उतरून दशाश्वमेध घाटाकडे चालू लागा. शंभर पावलं गेला नाहीत तोच कुणीतरी मराठीत हाक मारणार, “या काका! नाव पाहिजे? मोठी नाव, छोटी नाव?” तुम्ही महाराष्ट्रातले, हे त्याला कळतं कसं? बरोबरच्या आजींचं नऊवारी, एखाद्या आजोबांची पांढरी टोपी किंवा “अगं, चपला सांभाळ” एवढं एक वाक्य त्याला पुरतं.

या नावाड्यांचं मराठी मोठं मजेशीर. वल्हं मारता मारता, प्रवाशांच्या तोंडून शिकलेलं. कुठून आलात, किती माणसं, बरं आहे ना, या बसा... बहुतेक शब्द भेटीगाठीचेच. डिसेंबरात आम्हाला घाट दाखवणारा तरुण चांगला मिशाळ गडी होता, पण बोलायचा, “मी सांगते ना काका, सगळे घाट दाखवते!” नावेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्याचे गुरू कोण असतील हे सांगायलाच नको. यात्रा कंपन्यांच्या बसमधून येणाऱ्या मावश्या-काकूंनीच त्याला मराठी दिलेलं! एक गोष्ट मात्र त्याने अचूक हेरली होती. “जेवण झालं का?” हा आपल्याकडे जेवणाचा प्रश्न नसतो, तो नमस्काराचाच एक प्रकार असतो. दुपारचे साडेचार वाजले होते आणि तो नावेत चढणाऱ्या प्रत्येकाला तेच विचारत होता.

बनारसच्या माणसाला मराठी तसं फार परकं वाटत नाही, याचं कारण इथल्या बोलीत आहे. गल्लीतली भाषा पुस्तकी हिंदी नव्हे, भोजपुरी. तिच्यात ‘गेला’ला ‘गइल’ म्हणतात, ‘आला’ला ‘आइल’. हिंदीच्या ‘गया’, ‘आया’त नसलेला हा ‘ल’ मराठीत आहे, बंगालीत आहे आणि भोजपुरीतही आहे. भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनसाहेबांनी शंभर वर्षांपूर्वीच त्याकडे बोट दाखवलं होतं. अर्थात सारखेपणा फसवतोही. पानाच्या ठेल्यावर एकाने दुसऱ्याला “का हो!” म्हटलं की आपल्याला वाटतं, हा कसलं कारण विचारतोय? तो फक्त “काय, कसं काय?” म्हणत असतो. आणि “ऊ आई” म्हणजे कुणाची आई नव्हे, तर “तो येईल”.

हे झालं नमस्कार-चमत्काराचं. ओळख करून देण्याची खरी परीक्षा होते ती तीर्थोपाध्यायांच्या बैठकीत. “मी अमुक, बँकेत असतो, ठाण्याला राहतो” ही आपली नेहमीची ओळख तिथे कुचकामाची. गाव कोणतं? आत्ताचं नव्हे, मूळ गाव. आडनाव? गोत्र? वडिलांचं नाव, आजोबांचं, पणजोबांचं? मग कापडात बांधलेली लांबट वही सुटते आणि तुमच्या घरातलं पूर्वी कोण येऊन गेलं ते पानापानांतून निघू लागतं. काही जुन्या नोंदी मोडीत. आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांची गाडी आजोबांवरच अडली. पणजोबांचं नाव विचारायला त्यांनी तिथूनच गावाकडच्या चुलत्यांना फोन लावला. पलीकडून नाव आलं आणि अर्ध्या तासाने वहीत सहीही सापडली. गृहस्थ बराच वेळ त्या सहीवर बोट ठेवून बसून होते.

दशाश्वमेधाच्या गर्दीतून उत्तरेकडे गेलं की पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट लागतात. मराठी काशी ही इथली. गंगेवरचे भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. विश्वनाथाचं देऊळ 1780च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारलं, हेही शाळेत शिकलेलं असतं. डिसेंबर 2021मध्ये खुल्या झालेल्या नव्या विश्वनाथ धामात त्यांचा पुतळा आहे. पण मराठी माणसं इथे घाट बांधून परत गेली असं नाही, ती राहिली. पैठणहून सोळाव्या शतकात आलेल्या भट्ट घराण्यातल्या गागाभट्टांनी 1674 साली रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक केला. दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा इथे येऊन राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी मणिकर्णिका इथेच जन्मली, ती पुढे झाशीची राणी झाली. भदैनीत तिचं स्मारक आहे.

आणि एक नाव आपण महाराष्ट्रात जवळजवळ विसरलोच आहोत. बाबूराव विष्णू पराडकर. 1883 साली काशीत मराठी घरात जन्मलेला हा माणूस ‘आज’ या हिंदी दैनिकाचा नामवंत संपादक झाला. हिंदी वृत्तपत्रांत ‘मिस्टर’ काढून त्या जागी ‘श्री’ रुळवलं ते पराडकरांनी, असं मानतात. ‘सर्वश्री’ही त्यांचाच म्हणे. म्हणजे हिंदी मुलखात माणसाचं नाव आदराने कसं घ्यावं, हे काशीतल्या एका मराठी माणसाने शिकवलं! मैदागिनला पत्रकार संघाच्या इमारतीला त्यांचं नाव आहे. तिथपर्यंत वाट वाकडी करणारा मराठी यात्रेकरू मला तरी दिसला नाही.

दुर्गाघाटाजवळच्या एका घरी ओळखीची चिठ्ठी घेऊन गेलो होतो. अरुंद गल्ली, दगडी उंबरठा, आत चौक. ऐंशीच्या घरातल्या आजी. त्यांच्या माहेरची आणि सासरची कितवी पिढी काशीत आहे, याचा हिशेब त्यांनी बोटांवर मोजायला घेतला आणि आठवर सोडून दिला. त्यांचं मराठी ऐकत राहावं असं. मध्येच ‘सब्जी’ येते, ‘मोहल्ला’ येतो, पण वाक्याचा हेल आपल्या पणजीचा. निघताना माझ्या तोंडून सवयीने “येतो आजी” गेलं, तशा त्या प्रसन्न झाल्या. “नातवाला हेच सांगते,” म्हणाल्या. “घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. आणि या गावात तर मुळीच नाही. इथे माणसं जायलाच येतात!”

नातू सातवीत. घरात त्याच्याशी मराठीत बोलतात, उत्तर हिंदीत येतं. सगळं कळतं, पण जीभ वळत नाही. बनारसमध्ये एकटा माणूसही स्वतःला ‘हम’ म्हणतो, तेव्हा हा पोरगा “आम्ही जेवलो” म्हणतो आणि आजी विचारतात, “आम्ही म्हणजे किती जण रे? तू की पेशवे?” त्यातून ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा घोळ वेगळाच. हिंदीत दोन्हीला ‘हम’. “आम्ही नावेत बसतो” आणि “आपण नावेत बसू” यांतला फरक, म्हणजे समोरच्याला बरोबर घेतलं की काठावर ठेवलं, तो हिंदीतून मराठीकडे येणाऱ्याला लवकर उमगत नाही. ‘ळ’ची तर गोष्टच सोडा. ‘बाळ’चा ‘बाल’ होतो, म्हणजे केस!

आजींची तक्रार मात्र नातवावर नव्हती. ती आपल्यावर होती. “गल्लीतून रोज पुण्या-मुंबईचे लोक जातात,” त्या सांगू लागल्या. “ह्याला पत्ता विचारतात हिंदीत. हा बिचारा जुळवून मराठीत सांगतो, सरळ जा, मग डावीकडे. त्यांना काय आनंद होतो! ‘अय्या, तुला मराठी येतं?’ आणि पुढचा प्रश्न काय? ‘कौनसी क्लास में हो, बेटा?’ आता सांगा, ह्याने कुणाशी बोलायचं?”

मला ते लागलं, कारण आधीचे दोन दिवस मी हेच पाहत होतो. नावाड्याने मराठीत विचारावं, आपल्या माणसाने मोडक्या हिंदीत उत्तर द्यावं. साडीच्या दुकानात मालक “या ताई, बसा” म्हणतो आणि ताई “भैया, वो वाला दिखाव” म्हणतात. आपल्याला ही सभ्यता वाटते, परमुलखात त्यांची भाषा बोलावी अशी. चांगलीच सवय आहे ती. पण समोरचा चार मराठी शब्द घेऊन पुढे आला असेल, तर त्याला पाचवा कोण देणार? बनारस हिंदू विद्यापीठात मराठीचा विभाग आहे. 2024च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला, त्याचा आनंद आहेच. दुर्गाघाटच्या सातवीतल्या मुलाला मात्र तूर्त एवढंच हवंय, की कुणीतरी त्याला मराठीत विचारावं: तुझं नाव काय? कितवीत आहेस? शाळा कुठे? आणि उत्तराला थोडा वेळ लागला तर थांबावं.

काशीला जाणार असाल तर पंचगंगेवरून दुर्गाघाटाच्या गल्लीत जरूर वळा. दारात कुणी आजी बसलेल्या असतील तर “नमस्कार, बरं आहे ना?” एवढं म्हणून बघा. घाईत असाल तर म्हणू नका, कारण मग तासभर सुटका नाही. आधी “गाव कोणतं?”, मग “कुणाचे तुम्ही?”, मग चहा.

आजींनी आदल्या वर्षीच्या गणेशोत्सवातला किस्सा सांगितला. मराठी मुलांनी स्टेजवर येऊन मराठीत स्वतःची ओळख करून द्यायची होती. एकेक जण पाठ केलेलं म्हणून गेला. माझं नाव अमुक, आमचं मूळ गाव सातारा, मूळ गाव वाई, मूळ गाव रत्नागिरी. यातलं एकही गाव त्या पोरांनी पाहिलेलं नाही. यांच्या नातवाची पाळी आली. त्याने नाव सांगितलं, इयत्ता सांगितली, क्षणभर अडला आणि ठणकावून म्हणाला, “माझं मूळ गाव दुर्गाघाट!”

मंडप हसला. “मी नाही हसले,” आजी म्हणाल्या. “वाक्य बरोबर होतं त्याचं.”