गलबत, लांबी आणि बाबा

‘कोल्हापुरात जहाज? कुठे, रंकाळ्यात?’ हा पीजे मी आतापर्यंत किमान वीस वेळा ऐकलाय. त्यामुळे उत्तरही पाठ आहे. बॉस, आमच्या टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. १९४०च्या दशकात ब्रह्मपुरीच्या उत्खननात, म्हणजे अगदी पंचगंगेच्या काठावर सापडलेली. शिवाय १८१२च्या तहापर्यंत मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते. म्हणजे आरमारही आमचं होतं. तांबडा-पांढरा सोडूनही आमच्याकडे बरंच काही आहे!

तर मी गलबताचं मॉडेल करतेय. सागवानी, ४५ सेंटिमीटर लांब. गलबत म्हणजे गुराबेचं धाकटं भावंड. साधारण ७० टनांच्या आतलं, दोन डोलकाठ्या, ४०-५० वल्ही. दिवसभर लॅपटॉप आणि रात्री डेडलाइन अशा फ्रीलान्स आयुष्यात वीकएण्डला स्क्रीन नसलेलं काहीतरी हवं होतं, इतकाच फंडा. पार्टनर मात्र अनपेक्षित मिळाला.

बाबा पॅटर्नमेकर. सगळी उमेद उद्यमनगरात गेली. फाउंड्री न पाहिलेल्यांसाठी सांगते. लोखंडाचा कुठलाही ओतीव पार्ट करायचा तर आधी त्याचा लाकडी जुळा लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करायचा. बाजूंना किंचित टेपर द्यायचा, नाहीतर काढताना वाळू ढासळते. आणि लाकडावर एक ओरखडा राहिला, तर तो वाळूवर उमटतो, वाळूवरून लोखंडावर, प्रत्येक नगावर. गुळगुळीतपणा ही तिथे हौस नसते.

मग कंप्युटरवर डिझाइन आणि मशिनवर कटिंग आलं. चार वर्षांपूर्वी बाबांची शेड बंद झाली. रंधे, पटाश्या, कानशी एका पत्र्याच्या पेटीत गेल्या आणि बाबा टीव्हीसमोर. दिवाळीच्या साफसफाईत ती पेटी भंगारात द्यायची असं त्यांनी जाहीरही केलं होतं. आई गप्प, मी गप्प. काय बोलणार?

त्याच आठवड्यात सांगाड्यावर पट्ट्या चिकटवून झाल्या होत्या. या स्टेजला कुठल्याही जहाजाचं पोट खडबडीतच असतं. बाबांनी जाता जाता त्यावर हात फिरवला. ‘अगं, हे तर गगनबावड्याचा घाट झालंय,’ असं म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक काम त्यांना नीट दिसत नाही. त्यानं काही अडत नाही म्हणा. ते डोळे मिटूनच बघतात. बोटं नाळेकडून मागे, मग उलटी, आणि एका जागी थांबतात. ‘हितं.’ मी टॉर्च आडवा धरते, तर खरंच तिथे सावली पडलेली!

एक हिशेब ऐका. १:५० स्केलच्या मॉडेलवर अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा म्हणजे खऱ्या जहाजावर २५ मिलिमीटर. जवळजवळ एक इंच. म्हणून मॉडेलवर एवढी घासाघीस.

आणि निम्मी फिनिश घासायच्या आधीच ठरते. जहाजाचा घेर मधोमध मोठा, नाळेकडे निमुळता. त्यामुळे प्रत्येक पट्टी टोकाकडे रंध्यानं अरुंद करत न्यायची, नाहीतर पट्ट्या एकमेकींवर चढतात. वाकवण्याआधी गरम पाण्यात भिजवायच्या, पण चिकटवल्यावर पूर्ण सुकू द्यायच्या. ओल्या लाकडाला पेपर लावणं बाबांच्या राज्यात गुन्हा आहे! नुसत्या बोटानं घासायचं नाही, बोटाखाली चर पडतो. जुन्या स्लिपरचा तळ कापून त्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा, म्हणजे गोलाईवर तो वाकतो पण खोल जात नाही. १२०, मग २४०, मग ४००, आणि नेहमी रेषांच्या दिशेनं. मध्येच ओलसर फडकं फिरवलं की लाकडाचे बसलेले रेशे उभे राहतात, ते वाळवून पुन्हा घासायचे. खड्डा असेल तिथेच लांबी भरायची, सगळीकडे थापायची नाही. मग चपड्याचा पातळ हात.

रंग द्यायचा असेल तर पुढे राखाडी प्रायमर. त्यावर पेन्सिलनं चक्क गिरगटायचं आणि पाणीपेपरनं घासत राहायचं. रेघ उरली ती जागा खोल, आधी गेली ती उंच. इतकं सोपं आणि इतकं हुशार काही मी मास कॉमच्या दोन वर्षांत शिकले नव्हते.

आमचं भांडण झालं ते इथेच. बाबांना पोट आरशासारखं हवं, पॅटर्नसारखं, सांधा दिसताच कामा नये. मला पट्ट्या दिसायला हव्यात. खरी जहाजं आरसा नव्हतीच. सांध्यांत तेल पाजलेला कापूस ठासायचे, पाण्याखालच्या भागाला चुना आणि तेल फासायचे. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं आणि २०२५मध्ये नौदलात आलेलं ‘आयएनएस कौंडिण्य’ बघा. फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या, टाके सरळ डोळ्यांना दिसतात! बाबांना मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी झूम करकरून पाहिला. ‘शिवण चांगली हाय. पण फळी बघ की, फळीला फळी लागलीया.’

शेवटी तह झाला. उजवी बाजू बाबांची: लांबी, प्रायमर, काळा रंग. डावी माझी: उघडं सागवान आणि चपडा. पट्ट्यांच्या कडांना चिकटवण्याआधीच मी पेन्सिल फिरवली होती, त्यामुळे सांधे बारीक काळ्या रेघेसारखे दिसतात. हाताला मात्र लागत नाहीत. डावी बाजूही आधी बाबांच्या बोटांखालून पास झालीय.

सध्या काम बंद आहे. पावसाळी हवेत चपड्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून बाबांनी सक्त मनाई केलीय. रोज सकाळी ते गॅलरीत जाऊन आभाळ बघतात आणि मान हलवतात. परवा भंगारवाला आला होता. त्याला तीन महिन्यांची रद्दी आणि जुना मिक्सर दिला. पत्र्याची पेटी कॉटखाली होती, तिथेच आहे.